दिसतो पत्रा, राबतो फोम: द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजपासून समुद्राच्या तळापर्यंत कंपोझिट फोम नेमकं काय करतो?

मार्च-एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे झुकतो. त्याच दिवसांत दिंडोरी, निफाड, चांदवडच्या पॅकहाऊसमध्ये एका दाराच्या अलीकडे घाम फुटतो आणि पलीकडे स्वेटर लागतो. आत द्राक्षांच्या पेट्या शून्य ते एक अंशावर ठेवलेल्या असतात. या दोन हवामानांच्या मध्ये उभी असलेली भिंत बऱ्याचदा जेमतेम चार इंचांची असते. तिच्यात ना वीट, ना सिमेंट. दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आणि मधे पिवळसर रंगाचा, नखानं दाबला तर खळगा पडेल असा फोम.

बाजारात या भिंतीला ‘पफ पॅनल’ म्हणतात. पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोमचं लघुरूप. नखानं खळगा पडणारा हा पदार्थ लाखोंचा माल कसा सांभाळतो? तो इतका हलका असूनही भिंत उभी कशी राहते? आणि याच कल्पनेवर विमानाचे भाग, पवनचक्कीची पाती, होड्या आणि खोल समुद्रात जाणाऱ्या पाणबुड्या कशा बनतात?

थोडक्यात सांगायचं तर

- कंपोझिट फोम म्हणजे बुडबुड्यांनी भरलेला हलका पदार्थ आणि त्याला साथ देणारा दुसरा मजबूत पदार्थ, यांची जोडी.
- पफ पॅनलच्या फोममध्ये सुमारे ९७ टक्के वायू असतो. प्लॅस्टिक उरतं फक्त तीन टक्क्यांच्या आसपास.
- ताकद नुसत्या फोममध्ये नसते. ती फोम, पत्रा आणि त्या दोघांना धरून ठेवणारा चिकट थर यांच्या रचनेत असते.
- आग, ओलावा आणि कचरा हे या मटेरियलचे तीन मोठे प्रश्न आहेत.

कंपोझिट म्हणजे काय? आणि फोम म्हणजे?

दोन किंवा अधिक वेगवेगळे पदार्थ असे एकत्र आणायचे की प्रत्येकाचा गुण कामी येईल आणि एकाची उणीव दुसरा भरून काढेल. याला कंपोझिट म्हणतात. नाव इंग्रजी असलं तरी कल्पना गावाकडची आहे. मातीचं घर बांधताना चिखलात भुसा तुडवतात, तो याचसाठी. नुसती माती वाळली की तडकते. भुसा तिला धरून ठेवतो.

फोम म्हणजे बुडबुडे पोटात धरून घट्ट झालेला पदार्थ. ढोकळा हा फोमच आहे. पीठ आंबतं, वायू सुटतो, वाफेवर ते घट्ट होतं आणि बुडबुडे आतच अडकतात.

आता हे दोन्ही एकत्र पाहायचे असतील तर ज्वारीचं धाट मोडून बघा. बाहेर कडक, गुळगुळीत साल आणि आत पांढरं, हलकं भेंड. नुसत्या भेंडाचा चुरा होतो. नुसती साल चिरफाळते. पण दोन्ही मिळून माणसाहून उंच ताट कणसाचं वजन डोक्यावर घेऊन वाऱ्यात उभं राहतं. इंजिनिअर कारखान्यात जे करतात, त्याचं तत्त्व हेच.

उद्योगात वापरले जाणारे कंपोझिट फोम ढोबळमानाने चार प्रकारचे असतात:

- सँडविच: दोन मजबूत थर आणि मधे फोमचा गाभा. पफ पॅनल याच प्रकारात येतं.
- सिंटॅक्टिक फोम: राळेत सूक्ष्म, पोकळ गोळ्या मिसळून बनवलेला फोम. इथे बुडबुडे वायूनं फुगवत नाहीत, तयार बुडबुडेच आत घालतात.
- तंतू मिसळलेला फोम: फोम फुगण्याआधी त्यात काचेचे किंवा इतर बारीक धागे, कण मिसळतात.
- धातूचा फोम: ॲल्युमिनियम किंवा पोलादात पोकळ्या ठेवून बनवलेला. धक्का शोषण्यासाठी आणि चिलखतासाठी यावर संशोधन चालतं.

पफ बनतो कसा?

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत लागला. ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लेव्हरकुसेनच्या प्रयोगशाळेत तो तयार केला. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन रसायनं पातळ स्वरूपात एकत्र आली की त्यांची साखळी जुळत जाते आणि उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेनं सोबत मिसळलेला फुगवणारा पदार्थ वायू होतो आणि मिश्रण भराभर वर येऊ लागतं. काही सेकंदांत फेस, काही मिनिटांत घट्ट ठोकळा.

पॅनलच्या कारखान्यात हा फेस दोन पत्र्यांच्या मधेच फुगवतात. फुगताना तो पत्र्याला घट्ट चिकटतो. म्हणजे भराव आणि गोंद ही दोन्ही कामं फोमच करतो.

सोफ्यातला फोमही पॉलियुरेथेनचाच असतो. मग तो मऊ आणि हा कडक कसा? पहिला फरक रसायनांच्या प्रमाणात आणि जातीत आहे. दुसरा बुडबुड्यांत आहे. सोफ्याच्या फोममध्ये बुडबुडे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे दाबला की हवा निघून जाते. पफमध्ये प्रत्येक बुडबुडा चारी बाजूंनी बंद असतो. बंद खोलीतला वायू हलत नाही आणि न हलणारा वायू उष्णता फार सावकाश पुढे नेतो.

कोल्ड स्टोरेजच्या पफची घनता साधारणपणे घनमीटरला ४० किलोच्या आसपास असते. भरीव पॉलियुरेथेन घनमीटरला सुमारे १,२०० किलो भरतं. म्हणजे जागेचा फक्त तीसावा भाग प्लॅस्टिकनं व्यापलेला असतो. बाकी सगळा वायू.

विटांची भिंत का नाही चालत?

एक साधा हिशोब करून बघू. आकडे ढोबळ आहेत, पण फरक समजायला पुरेसे आहेत.

बाहेर ४० अंश आणि आत शून्य अंश आहे असं धरा. ९ इंची विटांच्या भिंतीतून दर चौरस मीटरला सुमारे ८० वॅट उष्णता आत शिरते. १०० मिलिमीटरच्या चांगल्या पफ पॅनलमधून शिरते सुमारे ९ वॅट. विटांनी हीच कामगिरी करायची ठरवली तर भिंत जवळपास तीन मीटर जाड बांधावी लागेल. किल्ल्याचा तटच म्हणा ना!

आता १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ४ मीटर उंच खोली घ्या. चार भिंती आणि छत मिळून २६० चौरस मीटर. पफ पॅनल असेल तर भिंती-छतातून शिरलेली उष्णता बाहेर फेकायला दिवसाला साधारण २०-२५ युनिट वीज लागेल. नुसत्या विटांच्या खोलीला तेवढ्याच कामासाठी २०० युनिटच्या आसपास. दार उघडल्यावर शिरणारी गरम हवा आणि मालाच्या अंगातली उष्णता यांचा खर्च यात धरलेला नाही. तो दोन्हीकडे वेगळा येतोच.

वजनातला फरक तर याहून मोठा आहे. पफ पॅनलचं वजन चौरस मीटरला सुमारे १२ किलो. त्यात ८ किलो पत्रा आणि ४ किलो फोम. ९ इंची विटांची भिंत चौरस मीटरला ४०० किलोच्या पुढे जाते. म्हणून पॅनलची कोल्ड रूम हलक्या पायावर, थोड्या दिवसांत उभी राहते आणि गरज पडली तर खोलून दुसरीकडे नेता येते.

नाशिकच्या द्राक्षाला याचं इतकं काय?

द्राक्ष हे वेलीवरून तोडल्यावर पुढे पिकणारं फळ नाही. तोडल्या क्षणापासून त्याचं फक्त नुकसानच होऊ शकतं. देठ वाळतो, मणी सुरकुततो, बुरशी धरते. म्हणून निर्यातीचा माल सकाळच्या गारव्यात तोडतात, निवडून पेट्यांत भरतात आणि लगेच प्री-कूलिंगला लावतात. तिथे थंड हवा जोरानं पेट्यांतून ओढून शेतातून आलेली उष्णता काही तासांत काढून टाकतात. पुढे शून्य ते एक अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता सांभाळावी लागते.

नाशिक हा देशातल्या द्राक्ष निर्यातीचा प्रमुख जिल्हा. शेतकऱ्यांनी उभी केलेली मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे त्यातलं ठळक नाव आणि तिच्यासारखी लहान-मोठी पॅकहाऊस जिल्ह्यात जागोजागी आहेत. इथून पेट्या रीफर कंटेनरमध्ये चढतात, न्हावा-शेवा बंदरात जातात आणि जहाजानं युरोपला रवाना होतात. रीफर कंटेनरच्या भिंतीही सँडविचच्याच असतात. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम.

म्हणजे शेताच्या बांधापासून रॉटरडॅमच्या बंदरापर्यंत द्राक्षाचा जवळपास सगळा प्रवास फोमच्या भिंतीआड होतो. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. अशा वेळी कंटेनरची भिंत, त्याचं यंत्र आणि पेटी भरण्याआधी माल किती नीट थंड केला होता, या तिन्हींची परीक्षा होते. भाव ठरतो तो पलीकडे पेटी उघडल्यावर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्रत्येक पिकाला फोमची भिंत लागत नाही. लासलगाव पट्ट्यातला उन्हाळ कांदा चाळीत राहतो आणि कांदाचाळीचं तत्त्व नेमकं उलटं आहे. तिथे हवा अडवायची नसते, खेळती ठेवायची असते.

पातळ पत्र्याला ताकद कुठून येते?

फूटपट्टी आडवी धरून वाकवली तर सहज वाकते. उभ्या कडेवर धरून वाकवायला गेलं तर वाकत नाही. पट्टी तीच, वजन तेच. फरक इतकाच, की वाकवण्याच्या दिशेनं तिची जाडी वाढली.

सँडविच पॅनल ही युक्ती स्वस्तात करतं. कोणतीही गोष्ट वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या भागावर ताण कमी असतो. मग मधे महाग आणि जड धातू ठेवायचाच कशाला?

१ मिलिमीटरचा पत्रा घ्या. त्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरचे दोन पत्रे वापरा आणि मधे १ मिलिमीटरचा फोम चिकटवा. एकूण जाडी दुप्पट झाली. वाकण्याला होणारा विरोध मात्र कागदावर ७ पट होतो. फोम ३ मिलिमीटरचा केला, तर जाडी चौपट आणि विरोध ३७ पट. घनमीटरला ४० किलोचा फोम धरला तर वजनातली वाढ मात्र दोन टक्क्यांच्याही आत राहते.

‘कागदावर’ हा शब्द इथे महत्त्वाचा. हा हिशोब खरा ठरायला दोन अटी आहेत. दोन्ही पत्र्यांना फोमनं एकमेकांवरून घसरू देता कामा नये आणि पत्र्याची फोमवरची पकड सुटता कामा नये. पत्त्यांचा कॅट वाकवून बघा. पत्ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून कॅट सहज वाकतो. तेच पत्ते एकमेकांना चिकटवले तर वाकवणं कठीण.

म्हणूनच फोमची घनता हा किरकोळ आकडा नाही. फोमच्या अभ्यासात एक ढोबळ नियम वापरतात. घनता निम्मी केली तर ताठपणा निम्मा होत नाही, तो सुमारे एक चतुर्थांशावर येतो. लॉर्ना गिब्सन आणि मायकेल ॲशबी या शास्त्रज्ञांनी हे गणित मांडलं आणि आज जगभर त्याच आधारे फोमची निवड होते. पफ पॅनलवाल्यानं फोम फाजील फुगवून माल वाचवला, तर पॅनल बाहेरून अगदी तसंच दिसतं. आतली ताकद मात्र दिसते त्याहून कितीतरी जास्त घटलेली असते.

ओझरचं विमान आणि गोव्याची होडी

नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. मिग-२१ हे मुख्यतः धातूचं विमान होतं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच ओझरमधून इथे बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए आकाशात झेपावलं. तेजसच्या सांगाड्याच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग आणि बाहेरच्या पृष्ठभागाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग कंपोझिटचा आहे.

म्हणजे तेजसमध्ये फोम भरलाय का? नाही. त्याची मुख्य ताकद कार्बन फायबरच्या, एकमेकांवर रचून भट्टीत पक्क्या केलेल्या थरांतून येते. फोम आणि कार्बन फायबर ही एकाच घराण्यातली दोन भावंडं आहेत. जिथे प्रचंड ताण येतो तिथे घन थर आणि जिथे मोठा पण हलका भाग हवा तिथे सँडविच, अशी वाटणी विमानशास्त्रात सर्रास होते. विमानांच्या सँडविचमध्ये गाभ्याला अनेकदा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी वापरतात. ती फोमहून हलकी आणि ताठ असते, पण तिच्या घरांत पाणी शिरलं तर पंचाईत होते. बंद बुडबुड्यांचा फोम पाण्याला जास्त दाद देत नाही आणि त्याला हवा तसा आकार देणंही सोपं जातं.

सँडविचची विमानं नवी नाहीत. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचं अंग प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे अतिशय हलकं लाकूड घालून बनवलेलं होतं. बाल्सा हा निसर्गानं बनवलेला फोमच म्हणायचा.

याच तत्त्वावरची एक होडी मराठी माणसाच्या यार्डात बनली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये नौदलासाठी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका तयार झाली. तिच्या अंगात लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लास आहे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी याच नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि तसं करणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे याच यार्डातल्या ‘तारिणी’मधून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात जगाला फेरी मारली.

पवनचक्कीची पातीही अशीच. साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. अशा पात्यांचं बाहेरचं कवच साधारणपणे काचेच्या तंतूंचं असतं आणि त्याच्या पोटात बाल्सा किंवा प्लॅस्टिकचा फोम असतो. जगातला बराचसा बाल्सा इक्वेडोरमधून येतो. २०२० च्या सुमारास त्याची टंचाई झाली, तेव्हा उद्योग पीईटी फोमकडे जास्त वळला. पीईटी म्हणजे पाण्याची बाटली ज्यापासून बनते तेच प्लॅस्टिक.

राखेतले बुडबुडे

नाशिकजवळ एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळणाऱ्या अशा केंद्रांतून जी बारीक राख निघते, तिच्यात अगदी थोड्या प्रमाणात सूक्ष्म, पोकळ गोळे असतात. कोळशातली खनिजं ज्वाळेत वितळतात, थेंबाच्या आत वायू अडकतो आणि थेंब गार झाला की काचेसारखा पोकळ मणी तयार होतो. त्याला सेनोस्फिअर म्हणतात. राखेच्या तळ्यात बाकी राख बुडते आणि हे मणी वर तरंगतात.

हे मणी राळेत किंवा वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मिसळले की सिंटॅक्टिक फोम तयार होतो. ॲल्युमिनियम आणि राख यांच्या या मिश्रणावर प्रदीप रोहतगी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात मोठं काम केलं आहे. धातू वाचतो, वजन घटतं आणि टाकाऊ राखेला किंमत येते.

राखेचा याहून ओळखीचा फोम कोणत्याही नव्या इमारतीच्या बाहेर रचून ठेवलेला दिसेल. करड्या-पांढऱ्या रंगाचे मोठे, हलके एएसी ब्लॉक. राख, चुना, सिमेंट यांच्या पातळ मिश्रणात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड घालतात. तिच्यामुळे हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि मिश्रण फुगून येतं. मग त्याचे तुकडे कापून दाबाखालच्या वाफेत पक्के करतात. स्वीडनच्या योहान ॲक्सल एरिकसन यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत काढली. घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो भरणारा हा ब्लॉक पाण्यात टाकला तर तरंगतो.

समुद्राच्या तळाशी फोम कशाला?

खोल समुद्रात माणसाला घेऊन जाणारं यान मजबूत हवं, म्हणून ते जड होतं. खाली जाणं सोपं, वर येणं अवघड. वर आणणारा पदार्थ हलका हवा आणि तो दाबानं चिरडताही कामा नये. सहा हजार मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे ६०० पट असतो. पफ तिथे पापडासारखा चपटा होईल.

इथे सिंटॅक्टिक फोम कामी येतो. काचेचा प्रत्येक सूक्ष्म गोळा म्हणजे एक छोटी कमान आणि कमान दाब पेलायला हुशार. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन २६ मार्च २०१२ रोजी मारियाना गर्तेत सुमारे १०,९०० मीटर खोल गेले, तेव्हा त्यांच्या ‘डीपसी चॅलेंजर’ यानाचा सुमारे ७० टक्के भाग अशा फोमचा होता. तो फोम यानाला तरंगवण्यापुरता नव्हता, यानाचा सांगाडाच त्याचा होता.

मग गोम कुठे आहे?

आग. पॉलियुरेथेन जळतं आणि जळताना कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही सोडतं. बाहेर पत्रा असल्यामुळे आग आतल्या आत पसरू शकते आणि बाहेरून पाणी मारलं तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा जीव गेला. तिथे इमारतीवर लावलेल्या पॅनलमधला प्लॅस्टिकचा गाभा आग पसरण्याचं मुख्य कारण ठरला आणि आतला इन्सुलेशनचा फोमही जळला. पीआयआर हा पफचा सुधारित भाऊ आगीत बाहेरून कोळसा धरतो आणि ज्वाळा उशिरा पसरू देतो, पण तोही न जळणारा नाही. आगीचा धोका जास्त असेल तिथे रॉकवूल म्हणजे दगडाच्या तंतूंचा गाभा वापरतात. तो जड असतो आणि उष्णता थोडी जास्त जाऊ देतो.

ओलावा. हवेतली वाफ गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते. पॅनलच्या सांध्यात फट राहिली तर ती आत शिरते, तिचं पाणी होतं, पुढे बर्फ होतो. बर्फ सांधा आणखी उघडतो. ओला फोम उष्णता अडवत नाही आणि वजनही वाढवतो. पत्रा मात्र बाहेरून नव्यासारखाच दिसत राहतो.

पकड सुटणं. पत्रा फोमपासून सुटला की ७ पट, ३७ पटीचं सगळं गणित संपतं. विमानाच्या सँडविच भागांची तपासणी करताना तंत्रज्ञ नाण्यानं ठोकूनही बघतात. पकड पक्की असेल तिथे आवाज खणखणीत येतो, सुटली असेल तिथे बद्द. बाजारात मडकं वाजवून घेतात, तसंच.

वायू. फोम फुगवायला पूर्वी जे वायू वापरत ते ओझोनच्या थराला घातक होते. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्यानं बंद झाले. भारतात फोम उद्योगातला एचसीएफसी-१४१बी हा वायू १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. त्याजागी सायक्लोपेंटेनसारखे पर्याय आले. ते ओझोनला त्रास देत नाहीत, पण पटकन पेट घेतात. त्यामुळे कारखान्याला वायुवीजन आणि ठिणगी टाळणारी यंत्रणा यांवर खर्च करावा लागतो.

कचरा. थर्माकोल वितळवून पुन्हा वापरता येतो. पफ तसा वितळत नाही, तो नुसता करपतो. त्यात पत्रा आणि फोम घट्ट चिकटलेले. जी पकड पॅनलचा गुण, तीच मोडीत काढताना अडचण. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि सजावटीवर बंदी आली आणि गणपतीची मखरं बदलली. भिंतीत आणि पात्यात दडलेल्या फोमवर मात्र तेवढी चर्चा होत नाही, कारण तो वीस-पंचवीस वर्षं डोळ्यांआड असतो.

पॅनल घेताना काय विचारायचं?

कोल्ड रूम उभारणारा शेतकरी गट असो किंवा छोटा व्यापारी, सहसा पत्र्याचा रंग आणि चौरस फुटाचा दर बघून सौदा होतो. खरी किंमत मात्र न दिसणाऱ्या भागाची आहे. त्यामुळे हे प्रश्न आधी विचारलेले बरे:

- फोमची घनता किती? तोंडी उत्तरावर न थांबता लेखी घ्या. पॅनलचा तुकडा कापून, मोजून, वजन करून घनता तपासता येते. १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि जाड असा नुसत्या फोमचा ठोकळा सुमारे ४० ग्रॅम भरायला हवा.
- जाडी किती? १०० ऐवजी ६० मिलिमीटर घेतलं तर भिंतीतून शिरणारी उष्णता दीडपटीहून जास्त होते. खरेदीत वाचलेले पैसे पुढे वीजबिलात जातात.
- गाभा पफ, पीआयआर की रॉकवूल? आगीच्या चाचणीचं प्रमाणपत्र नेमकं याच पॅनलचं आहे का, तेही बघा.
- सांधे कसे जोडणार? कॅम लॉक आहेत का, गरम बाजूनं सांधे सील होणार का, पाइप आणि वायर जिथून आत जातात ती भोकं कशी बुजवणार?
- फोम फुगवायला काय वापरलंय? जबाबदार उत्पादकाला हे सांगायला अडचण नसते.
- आणि उभारणीनंतर: पॅनलजवळ वेल्डिंग किंवा कटिंग करताना माणूस आणि अग्निशामक दोन्ही हजर ठेवा.

हेल्मेटच्या आतला थर्माकोलही हाच धडा देतो. कवच ओरखड्यांपासून वाचवतं, पण डोक्याला बसणारा धक्का शोषतो तो आतला फोम आणि एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठणठणीत दिसलं तरी बदलायचं असतं.

फोमच्या बाबतीत नजर फसते. तो हलका म्हणून दुबळा वाटतो आणि आत दडलेला म्हणून विसरला जातो. नाशिकच्या द्राक्षाची पेटी परदेशात टवटवीत उघडते, त्यात वेलीवर राबलेल्या हातांइतकाच वाटा त्या चार इंची पोकळ भिंतीचाही असतो. पुढच्या वेळी पॅनलचा दर विचारताना पत्र्यावर टिचकी मारून थांबू नका. आतला ठोकळा काट्यावर ठेवायला सांगा.